'एक पेपर द्या' म्हटल्यावर काय मिळते

काही वर्षांपूर्वी वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातील एका दुकानात एक चिनी बाई गेल्या आणि त्यांनी दुकानदाराकडे 'वन पेपर' मागितला. त्यांना कोणाचा तरी पत्ता लिहून घ्यायचा होता आणि त्यासाठी कागदाचा एखादा कपटा पुरेसा होता. दुकानदाराने गल्ल्याशेजारच्या चळतीतून त्या दिवसाचे गुजराती वर्तमानपत्र काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि पैशांसाठी हात पुढे केला. नको म्हणण्याइतके इंग्रजी त्या वेळी बाईंजवळ नव्हते, म्हणून त्यांनी मुकाट्याने पैसे दिले, वर्तमानपत्राच्या समासात पत्ता लिहिला आणि संध्याकाळी ते वर्तमानपत्र घेऊन त्या माझ्याकडे शिकवणीला आल्या. त्यांचा प्रश्न सरळ होता: चूक दुकानदाराची की माझी?

दुकानदार अगदी बरोबर होता, हे मी लगेच सांगितले. तो का बरोबर होता हे समजावून सांगायला मात्र मला कित्येक आठवडे लागले, कारण ते मला स्वतःलाच नीट ठाऊक नव्हते.

बाईंचे यजमान हालोलकडील एका कारखान्यात अभियंता म्हणून आले होते. दोन वर्षे ते कुटुंब वडोदऱ्यात राहिले आणि त्या काळात बाई आठवड्यातून तीनदा माझ्या दांडिया बाजारातील घरी इंग्रजी शिकायला येत. आता त्या हफेईला परत गेल्या आहेत, परंतु शिकवणी थांबलेली नाही. त्यांच्या दोन मैत्रिणीही आता संगणकाच्या पडद्यावर येऊन बसतात. माझ्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा त्यांच्याकडे साडेआठ झालेले असतात आणि मागे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज येत असतो. शाळेतल्या मुली मला 'बाई' म्हणत. या तिघी 'लाओशी' म्हणतात. अर्थ तोच आहे.

शाळेचा विषय निघालाच आहे तर एक कबुली देणे भाग आहे. इंग्रजीची शिक्षिका म्हणून मी जवळजवळ तीस वर्षे फळ्यावर एक यादी लिहीत आले. इन्फर्मेशन, अॅडव्हाइस, फर्निचर, ब्रेड, पेपर. ही नामे मोजता येत नाहीत, यांच्यामागे 'अ' लावू नये, यांना अनेकवचनाचा 'एस' जोडू नये, असे मी बजावत असे. मग घंटा वाजली की त्याच फळ्यापुढे उभी राहून मी वर्गाला सांगत असे, 'टुमॉरो यू हॅव अ पेपर.' एकाही मुलीने मला कधी अडवले नाही. रावपुऱ्याच्या त्या वर्तमानपत्राने अडवले.

खरी गोष्ट अशी आहे की इंग्रजीत 'पेपर' हा शब्द एक असला तरी त्याच्या आत दोन नामे राहतात. पहिले नाम द्रव्याचे आहे. ज्यावर लिहितात, ज्यात वस्तू गुंडाळतात, जे फाटते आणि भिजते ते द्रव्य. पाणी किंवा पीठ जसे आपण सुटे मोजत नाही, तसे हे द्रव्यही इंग्रजी माणूस सुटे मोजत नाही; त्याला ते मोजण्यासाठी काहीतरी माप लागते. 'अ शीट ऑफ पेपर' म्हणजे अखंड ताव, 'अ पीस ऑफ पेपर' म्हणजे कोणताही तुकडा, 'अ स्क्रॅप ऑफ पेपर' म्हणजे कपटा किंवा चिटोरा, 'अ स्लिप ऑफ पेपर' म्हणजे चिठ्ठीएवढी पट्टी. दुसरे नाम वस्तूचे आहे, आणि ही वस्तू कागदाची असली तरी तिचे मोल तिच्यावर जे छापले किंवा लिहिले आहे त्यात असते. वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका, विद्वानांच्या सभेत वाचायचा निबंध, या साऱ्या वस्तू आहेत, त्या मोजता येतात आणि म्हणून त्यांच्यामागे 'अ' निमूटपणे येऊन बसतो. तेव्हा 'अ पेपर' किंवा 'वन पेपर' ऐकल्याबरोबर इंग्रजी जाणणाऱ्याच्या मनात कोरा कागद येतच नाही. काहीतरी मजकूर असलेली वस्तू येते, आणि दुकानात उभे असताना ती वस्तू म्हणजे बहुधा आजचे वर्तमानपत्र.

हे सारे नियम म्हणून सांगितले तर विद्यार्थी मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'गिव्ह मी अ पेपर' म्हणतो. मला वाट सापडली ती मराठीतून, आणि ती इतकी जवळ होती की इतकी वर्षे दिसली नाही याची थोडी शरमच वाटली.

आपण मराठी माणसे 'पेपर' हा शब्द सर्रास वापरतो, पण कशासाठी वापरतो? सकाळी पेपर येतो, मुलीचा गणिताचा पेपर अवघड जातो, विद्यापीठातील प्राध्यापक परिषदेत पेपर वाचतात. तिन्ही ठिकाणी तो इंग्रजीतील मोजता येणारा 'पेपर' आहे. द्रव्यासाठी मात्र आपल्याकडे 'कागद' आधीपासून होता आणि तो आपण सोडला नाही. वहीचा पेपर फाटला असे कोणी म्हणत नाही, वहीचा कागद फाटतो. पतंग कागदाचा असतो, होडी कागदाची असते. इंग्रजीने एका शब्दाच्या मागे 'अ' लावून किंवा न लावून जो भेद केला, तो आपण कोणाच्याही सूचनेशिवाय दोन वेगळे शब्द ठेवून केला. उधार घेताना आपण पूर्ण शब्द घेतला नाही. आपल्याला हवी होती तेवढी बाजू घेतली. म्हणून माझ्यासारख्या मराठी भाषकासाठी नियम फार सोपा होतो: जिथे मराठीत 'पेपर' म्हणावेसे वाटते तिथे इंग्रजीत 'अ' चालतो, आणि जिथे 'कागद' म्हणावेसे वाटते तिथे 'शीट' किंवा 'पीस' शोधावा लागतो.

आता बाईंची अडचण पाहा. चिनी भाषेत कागदाला जो शब्द आहे तो देवनागरीत नेमका बसत नाही; 'ज्र' असे लिहिले तर जवळपास पोहोचतो. शाळेत त्यांना शिकवले जाते की 'पेपर' म्हणजे 'ज्र', आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. कारण चिनी भाषेत वर्तमानपत्र 'बाओज्र' आहे, प्रश्नपत्रिका 'श्र-ज्युएन' आहे, शोधनिबंध 'लुन्वन' आहे, कार्यालयातील दस्तऐवज 'वन्जिएन' आहे. या चार शब्दांपैकी फक्त पहिल्यात कागद दिसतो. प्रश्नपत्रिकेतील 'ज्युएन' म्हणजे गुंडाळी. शोधनिबंधातील 'वन' म्हणजे लेखन. तेव्हा चिनी विद्यार्थ्याच्या मनात ही घरे पहिल्यापासून वेगवेगळी बांधलेली आहेत, आणि एकच इंग्रजी शब्द या सगळ्या घरांत ये-जा करतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. गंमत अशी की परदेशी विद्यापीठांत शिकणारे चिनी विद्यार्थी आपसात चिनी बोलताना 'पेपर लिहिला', 'पेपर छापून आला' असे इंग्रजी शब्दासह म्हणतात, आणि तिथे तो शब्द कोऱ्या कागदासाठी नसतो, निबंधासाठीच असतो. म्हणजे उधारीची रीत तिकडेही आपल्यासारखीच झाली. हे मी बाईंना दाखवले तेव्हा त्यांची मैत्रीण, जी काही काळ परदेशात शिकून आली आहे, खुर्चीवरून अर्धवट उठलीच.

'वन पेपर'चे दुसरे कारण मात्र शब्दार्थात नाही, ते मोजण्याच्या सवयीत आहे, आणि ते मला अधिक मनोरंजक वाटते. चिनी भाषेत कोणतेही नाम सरळ मोजत नाहीत. संख्या आणि नाम यांच्यामध्ये एक मापशब्द घालावाच लागतो. कागद मोजताना तो मापशब्द 'जांग' आहे. या शब्दाचा मूळ अर्थ ताणणे, पसरणे, धनुष्याची दोरी ओढणे असा, आणि म्हणून पसरट, सपाट असे जे जे काही आहे ते 'जांग'ने मोजतात. कागद, तिकीट, छायाचित्र, टेबल, पलंग, इतकेच काय चेहराही. वर्तमानपत्राचा अंक मोजताना 'फन' येतो, ज्याचा अर्थ एक प्रत किंवा एक वाटा. निबंधाला 'पिएन' लागतो. वर्तमानपत्राच्या बाबतीत तर दोन्ही चालतात आणि अर्थ बदलतो: 'फन' म्हटले तर पूर्ण अंक, 'जांग' म्हटले तर त्यातले एक सुटे पान. म्हणजे जो भेद इंग्रजी एका 'अ'वर तोलते, तो चिनी भाषा कितीतरी अधिक बारकाईने मापशब्दांवर तोलते.

मग अशी तयारी असलेल्या भाषेतला माणूस इंग्रजीत 'अ शीट ऑफ' का विसरतो? बाईंनी दिलेले उत्तर मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळाले नव्हते. त्या म्हणाल्या, "लाओशी, आम्हांला पहिल्याच वर्षी सांगतात की इंग्रजीत मापशब्द नसतात. वन बुक, वन टेबल, वन कॅट. मधले सगळे काढून टाका. म्हणून मी पेपरचेही काढून टाकले." एक चांगली सवय त्यांनी मोठ्या कष्टाने मोडली होती आणि नेमक्या याच शब्दाला ती हवी होती! तेव्हापासून मी त्यांना इतकेच सांगते की द्रव्यवाचक नामे आली की चिनी पद्धतीने विचार करा, 'जांग'च्या जागी 'शीट ऑफ' ठेवा, 'फन' मनात आला तर 'अ' पुरेसा आहे. या उपायाने त्यांच्या चुका एका महिन्यात निम्म्याहून कमी झाल्या. नियमाने झाल्या नव्हत्या.

मराठीलाही मापशब्दांचे वावडे नाही, फक्त सक्ती नाही. कागदाचा ताव, दस्ता, रीम, भेंडोळे, बाड, कपटा, चिटोरा असे कितीतरी शब्द आहेत. चोवीस तावांचा दस्ता आणि वीस दस्त्यांचा रीम हा जुना हिशेब माझ्या वडिलांना पाठ होता, आताच्या रीममध्ये पाचशे ताव असतात. पण 'एक कागद दे' हे मराठीत पूर्णपणे शुद्ध आहे, आणि तेच आपण इंग्रजीत नेतो. शिवाय 'एक कागद, दहा कागद' आणि 'एक पेपर, दहा पेपर' यांत अनेकवचनाने रूप बदलत नाही, त्यामुळे 'टेन पेपर' ही चूक मराठी मुले आणि चिनी मुले अगदी सख्ख्या भावंडांसारखी करतात. इथे मी कोणालाच हसत नाही.

मराठीत अर्थ कोण ठरवते, असा प्रश्न बाईंच्या मैत्रिणीने विचारला. 'अ' नाही, मापशब्दाची सक्ती नाही, तर 'पेपर' म्हणजे कोणता पेपर हे कळते कसे? विचार केल्यावर लक्षात आले की ते काम आपली क्रियापदे करतात. पेपर काढला किंवा तपासला तर तो परीक्षेचा. पेपर सोपा गेला तर परीक्षेचाच. पेपर फुटला तरही परीक्षेचाच, आणि दुर्दैवाने हा प्रयोग आपल्याला फार वेळा ऐकावा लागतो. पेपर आला, पेपर चाळला तर तो बातम्यांचा. 'पेपर टाकतो' म्हणजे सकाळी सायकलवरून अंक वाटत फिरतो, पण खासगी नोकरीतील तरुण 'पेपर टाकले' म्हणाला तर त्याने राजीनामा दिला. 'वाचला' या एका क्रियापदापाशी मात्र मराठी चकवते: "काकांनी काल पेपर वाचला" यावरून काका परिषदेला गेले होते की झोपाळ्यावर बसले होते, हे काकांचा व्यवसाय ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही.

परीक्षेच्या अर्थाबद्दल एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये 'पेपर' म्हणजे प्रश्नपत्रिका हे सर्वांना कळते, अमेरिकेत मात्र 'आय हॅव अ पेपर टुमॉरो' म्हटले तर ऐकणारा समजेल की उद्या एक दीर्घ निबंध सादर करायचा आहे. बाईंच्या मुलाला पुढे कोणत्या देशात जायचे आहे यावर त्यांनी कोणता अर्थ आधी पाठ करावा हे अवलंबून आहे.

आता अनेकवचनाकडे. 'पेपर्स' असे म्हटले की आणखी दोन दारे उघडतात, आणि त्यांपैकी एक बाईंनी माझ्यादेखत ओलांडले. त्या वडोदऱ्यात असताना मी त्यांना मांडवीजवळील मध्यवर्ती ग्रंथालयात घेऊन गेले होते. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून 1910 मध्ये बडोदे संस्थानातील ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली तिचे हे मुख्य केंद्र. काचेच्या लाद्यांमधून वरच्या मजल्याचा उजेड खालच्या कपाटांवर पडतो ते पाहून त्या बराच वेळ मान वर करून उभ्या राहिल्या. वाचनकक्षात काही वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्रे वाचत बसले होते. मी म्हटले, 'दे रीड द पेपर्स हियर एव्हरी डे.' बाईंनी विचारले की सर्वांच्या हाती वेगवेगळे पेपर आहेत म्हणून अनेकवचन का? तसे नाही. 'द पेपर्स' म्हणजे एकूणच वृत्तपत्रे, वृत्तपत्रांचे जग. एखादी गोष्ट 'इन द पेपर्स' आली म्हणजे ती गावभर झाली.

दुसरे दार ओळखपत्रांचे. परकीय नागरिक म्हणून नोंद करायला त्या एका कार्यालयात गेल्या तेव्हा तेथील अधिकाऱ्याने 'पेपर्स' मागितले आणि बाईंनी, तोपर्यंत रावपुऱ्याचा धडा पक्का झालेला असल्यामुळे, पिशवीत वर्तमानपत्रे नाहीत याबद्दल खेद व्यक्त केला. अधिकारी हसला नाही. त्याने पारपत्राकडे बोट दाखवले. 'पेपर्स' म्हणजे तुम्ही कोण आहात हे सिद्ध करणारी कागदपत्रे, हा अर्थ एकवचनात कधीच येत नाही. आणि इथे माझा मराठीवरून काढलेला सुटसुटीत नियम मोडतो हेही मी मान्य केले पाहिजे. घराचे कागद, जमिनीचे कागद, गाडीचे कागद असे आपण म्हणतो आणि तो कागद इंग्रजीत 'पेपर्स' असतो, 'शीट' नसतो. मराठीत कागद हा शब्द दस्तऐवजासाठी फार जुना आहे. पेशवाईतील पत्रव्यवहारात पत्रालाही कागदच म्हटलेले आढळते. आमच्या शेजारच्या गुजराती घरांत अजूनही 'कागळ' म्हणजे पत्र. वडोदऱ्यात वाढलेल्या मराठी माणसाला त्यामुळे हा अर्थ दोन्ही कानांनी ऐकू येतो.

नियम आणखी एका ठिकाणी ढिला पडतो. टिश्यू पेपर, बटर पेपर, कार्बन पेपर, सुताराचा पॉलिश पेपर यांत 'पेपर' द्रव्यच आहे, तरीही आपण कागद म्हणत नाही, कारण ही नावे वस्तूबरोबर बांधून आली. 'दोन टिश्यू पेपर द्या' हे मराठीत ठीक आहे. इंग्रजीत ते 'टू टिश्यूज' होते. चिनी माणूस तर उपाहारगृहात नुसते 'ज्र आहे का?' असे विचारतो आणि त्याला हात पुसायचा कागदच मिळतो. बाईंनी अलकापुरीतील एका उपाहारगृहात त्याचे शब्दशः इंग्रजी करून 'डू यू हॅव पेपर?' असे विचारले. व्याकरण या वेळी निर्दोष होते! वाढप्याने बिलाच्या पुस्तकातील एक पान फाडून वर पेनही आणून दिले.

उच्चाराबद्दल थोडेसे, कारण त्यात चूक माझी निघाली. बाई सुरुवातीला वहीत माझा उच्चार चिनी रोमन लिपीत टिपून घेत आणि 'पेपर'साठी त्यांनी 'बेबर'सारखे काहीतरी लिहिले होते. मला वाटले त्यांना ऐकू नीट येत नसावे. वास्तविक चिनी रोमन लिपीत ज्या अक्षराला आपण 'ब' वाचतो त्याचा उच्चार आपल्या 'प'सारखा असतो, आणि ज्याला आपण 'प' वाचतो त्यात 'फ'सारखा श्वासाचा झोत असतो. इंग्रज माणूस 'पेपर'मधील पहिला 'प' झोतासह उच्चारतो, दुसरा तसा नाही. आपण मराठी माणसे दोन्ही सारखेच कोरडे उच्चारतो. बाईंच्या कानाने मला अचूक पकडले होते. पहिल्या अक्षराच्या बाबतीत मी त्यांच्याकडून शिकते आहे, वयाच्या या टप्प्यावर जेवढे जमेल तेवढे.

एका संध्याकाळी बाईंनीच मला एक कोडे घातले. कागद त्यांच्या देशाने जगाला दिला, मग इंग्रजांनी त्याला इजिप्तमधील वनस्पतीचे नाव का दिले? प्रश्न रास्त आहे. चिनी परंपरेनुसार दरबारातील अधिकारी साय लुन याने इसवी सन 105 मध्ये झाडाची साल, चिंध्या आणि मासे पकडण्याची जुनी जाळी कुटून केलेला कागद सम्राटापुढे ठेवला. उत्खननात त्याआधीचेही कागदाचे तुकडे मिळालेले आहेत. 'पेपर' हा शब्द मात्र 'पपायरस'वरून, म्हणजे नाईल नदीकाठच्या लव्हाळ्यावरून आला. पपायरसच्या चिरफळ्या आडव्याउभ्या ठेवून दाबत असत, त्यात लगदा नसे, म्हणून तो खऱ्या अर्थाने कागदच नव्हे. युरोपात कागद पोहोचला तेव्हा जुन्या वस्तूचे नाव नव्या वस्तूला चिकटले, इतकेच.

पण चिनी भाषेनेही तेच केले आहे, असे मी त्यांना म्हटले, आणि त्यांनाच त्यांचे अक्षर फळ्यावर लिहायला लावले. 'ज्र'च्या अक्षरात डावीकडे रेशमाची खूण आहे, कारण कागदाआधी तिकडे रेशमी कापडावर लिहीत असत. निबंधाच्या 'पिएन' या मापशब्दात बांबूची खूण आहे, कारण त्याहीआधी बांबूच्या पट्ट्यांवर लिहीत. त्या रोज ही अक्षरे लिहितात आणि रेशमाकडे त्यांचे लक्षच गेले नव्हते. मग मी आपल्याकडचे सांगितले. पुस्तकाचे 'पान' म्हणजे झाडाचे पान. 'पत्र' म्हणजेही पानच. येथील प्राच्यविद्या मंदिरात ताडपत्रांवरील पोथ्या जपून ठेवल्या आहेत, त्या पाहिल्या की हा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही. 'कागद' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि जुन्नरी, दौलताबादी असे त्याचे प्रकार आपल्या दप्तरखान्यांत नांदले, तरी लिहिलेल्या कागदाला आपण पत्रच म्हणत राहिलो. सरकारने एखाद्या विषयाची अधिकृत हकिकत मांडली तर इंग्रजीत तो 'व्हाइट पेपर' असतो, मराठीत 'श्वेतपत्रिका', चिनी भाषेत 'पांढऱ्या कातडीचे पुस्तक'.

वाक्प्रचारांकडे मी मुद्दाम उशिरा वळते, कारण विद्यार्थ्यांना ते आवडतात आणि त्यांच्या नादात 'अ' राहून जातो. 'पेपर टायगर' हा चिनी वाक्प्रचार इंग्रजीत गेला. माओ झेडाँग यांनी 1946 मध्ये अॅना लुईस स्ट्राँग या अमेरिकन पत्रकर्तीशी बोलताना तो वापरला आणि त्यानंतर तो जगभर पसरला. आपल्याकडे कागदाचे घोडे असतात आणि ते कार्यालयांत नाचवले जातात. इंग्रजीत या घोड्यांना जागा नाही, तिथे नुसते 'पेपरवर्क' आहे. 'ऑन पेपर' म्हणजे आपले 'कागदोपत्री' किंवा 'कागदावर', आणि यात 'अ' किंवा 'द' काहीही येत नाही, हे तीनदा लिहून घ्यावे. चिनी भाषेत 'कागदावर युद्धाच्या गप्पा मारणे' असा वाक्प्रचार आहे, आणि तो इसवी सनापूर्वी 260 मध्ये चांगपिंगच्या लढाईत अवघे सैन्य गमावणाऱ्या जाओ क्वो या पुस्तकी सेनापतीवरून सांगतात. त्या काळी चीनमध्ये लिहायला कागद नव्हताच, हे माझ्या तोंडून निघाल्यावर तिघीही क्षणभर गप्प झाल्या आणि मग एकदम चिनी भाषेत आपसात भांडू लागल्या. निर्णय काय झाला ते मला सांगितले गेले नाही.

गेल्या महिन्यात बाईंनी हफेईत घर बदलले आणि स्वाध्याय म्हणून एक वाक्य पाठवले: 'आय बॉट अ न्यूजपेपर, रेड इट, अँड रॅप्ड द कप्स इन न्यूजपेपर.' पहिल्या 'न्यूजपेपर'मागे 'अ' आहे, दुसऱ्यामागे नाही, आणि दोन्ही जागा बिनचूक आहेत. दुसरा 'अ' का गाळला असे मी मुद्दाम विचारले. त्यांनी लिहिले की वाचून झाल्यावर त्यातली बातमी संपली, उरला तो नुसता 'ज्र'. आमच्या वडोदऱ्यात या अवस्थेतील वर्तमानपत्राला वेगळा शब्दच आहे, पस्ती, आणि ती किलोवर जाते, असे मी उत्तर पाठवले.

त्यांचे पुढचे पत्र कालच आले आहे. त्यात त्यांनी 'ग्लास' या शब्दाबद्दल विचारले आहे: 'अ ग्लास' म्हटले की पाणी प्यायचे भांडे येते आणि नुसते 'ग्लास' म्हटले की खिडकीत बसवायचे द्रव्य, तर हाही शब्द 'पेपर'सारखाच आहे का, आणि मराठीत यासाठीही दोन शब्द आहेत का? आहेत. खिडकीला काच असते आणि पाणी ग्लासातून पितात, मग तो ग्लास स्टीलचा का असेना.